वरवंट्याचं दुपटं

तांडापेठेच्या त्या गल्लीत कुणाच्या घरी सासू-सुनेची जुंपली, की सोडवायला आलेली माणसं हटकून नत्थूजींच्या घराकडे बोट दाखवायची. "पाहा वं बाई त्याहिले. नणंद-भावजय एका घरात राहून राहिल्या. कधी आवाज तरी ऐकला काय?"

आवाज खरंच नव्हता. चारुशीला उमरेडचा मोडलेला संसार मागे टाकून माहेरी परत आली त्याला बरीच वर्षं लोटली होती, आणि एवढ्या काळात तिचं आणि तिच्या धाकट्या भावाच्या बायकोचं, मयुराचं, एकदाही वाजलं नव्हतं. दोघी इतकं गोड बोलायच्या की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत. सगळे सिनेमा पाहून परतले की मयुरा दारात चपला काढता काढता म्हणायची, "ताई, तुम्हाले मुद्दामच हाक नाही मारली. दुकानातून थकून येता, म्हटलं झोपू द्यावं." चारुशीला म्हणायची, "बरं केलं वं." आणि पुढच्या रविवारी पाहुण्यांना वाढताना सांगायची, "मयुराच्या हातचं वरण म्हंजे एकदम दवाखान्यासारखं. पोटाले काही त्रासच नाही." मयुरानं घासलेली भांडी ती पुन्हा एकदा विसळायची, आणि मयुरा ओट्यापाशी असेल तेव्हाच विसळायची. लेकी बोले सुने लागे ही म्हण दुसऱ्या घरांसाठी. इथे मयुरा कामवालीशी बोलायची, कुंडीतल्या तुळशीशी बोलायची, आणि लागायचं ते बरोबर नणंदेला.

म्हातारी कुसुमावती मधल्या खोलीत पलंगावर बसून दोघींचं ऐकायची. लेक काही म्हणाली की मान हलवून "हाव" म्हणायची आणि सून काही म्हणाली की तिलाही "हाव" म्हणायची. नत्थूजी असतानाही तिचं असंच होतं. नवऱ्याच्या रागात आणि पोरांच्या हट्टात ती अशीच मधल्या मध्ये "हाव" म्हणत म्हातारी झाली.

त्या घरात अभिजीत आणि मयुराला इतक्या वर्षांनी मुलगा झाला होता, आणि आज त्याचं बारसं होतं.

नाव आत्यानंच ठेवायचं हे सगळीकडेच असतं. पण नत्थूजींच्या घराण्यात रीत जरा पुढची होती. नाव आत्या निवडायची, कुणी तिला आधी विचारायचं नाही, आणि ते पहिल्यांदा उच्चारलं जायचं ते थेट बाळाच्या कानात. नत्थूजींच्या बहिणीनं, खाप्याच्या आत्यानं, या रीतीनंच विणकराच्या पोरांना चारुशीला आणि अभिजीत अशी पोथीतली नावं दिली होती. नत्थूजी त्यानंतर कित्येक दिवस मुलाला "अबजीत" म्हणत होते, पण नाव बदला असं ते बहिणीला एका शब्दानं म्हणाले नाहीत. म्हणूनच बाळ झाल्यापासून चारुशीलाची चाल बदलली होती. या घरात तिचं म्हणावं असं आता फारसं उरलं नव्हतं. ती झोपायची ती मागची खोली पूर्वी हातमागाची होती. माग मोडल्यावर त्याचा खड्डा सिमेंटनं बुजवला होता, आणि त्या वेगळ्या रंगाच्या चौकोनावरच तिची खाट होती. ती खोलीही हळूहळू निसटत चालली होती. "ताई, इथं ओल येते ना? तुमच्या गुडघ्याले चांगली नाही ही खोली," असं मयुरा हल्ली वरचेवर म्हणायची. परवा अभिजीत टेप घेऊन भिंत मोजत होता. तिनं विचारलं तर म्हणाला, "सहज पाहून राहिलो ताई."

नाव ठेवण्याचा हक्क मात्र कुणी टेप लावून मोजू शकत नव्हतं. आपण या घरच्या आहोत हे चार माणसांसमोर सिद्ध होणार ते आज, पाळण्यापाशी. तिला तेवढंच हवं होतं.

सकाळपासून ती स्वयंपाकघरात होती. घुगऱ्यांचा हरभरा शिजत होता, पाटोड्या थापून झाल्या होत्या, आणि रश्श्याचा मसाला ती मिक्सरला हात न लावता पाट्यावर वाटत होती. कोष्ट्याच्या घरचा रस्सा म्हणजे पहिल्या घासाला कानातून धूर निघाला पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. पण बाळंतिणीला तो रस्सा तोंडात घेता येणार नाही, स्वतःच्या मुलाच्या बारशाला मयुरा वरणभात खाऊन उठेल, हेही तिला वरवंटा ओढताना ठाऊक होतं. तिनं मुद्दाम काही केलं नाही. तिनं फक्त मिरची कमी केली नाही.

मयुरा दाराशी आली. जांभळी साडी, केसांत गजरा, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं.

"ताई, किती करता तुम्ही! वास काय सुटला आहे. पण माझ्या नशिबी नाही आज."

"तुझ्यासाठी मुगाचं वरण ठेवलं आहे ना वं. हलकं."

"हाव," मयुरा हसून म्हणाली. "दवाखान्यासारखं."

चारुशीलाचा हात क्षणभर थांबला. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि कपाटावर ठेवलेली पिशवी काढून मयुराच्या हातात दिली. आत दुपटं होतं.

नत्थूजी गेले तेव्हा मागावर एक लुगडं अर्धं विणून राहिलं होतं. पांढरं सुती अंग आणि करवतीच्या दातांसारखा लाल काठ. आईच्या हातानं ते पुढे विणवेना, आणि दुसरं विणणारं घरात कुणी उरलं नव्हतं. माग मोडायला माणसं आली त्या दिवशी चारुशीलानं ते कापड कापून घेतलं आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिलं. इतवारीतल्या साड्यांच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांसाठी घड्या उलगडून आल्यावर, गेल्या महिन्यात ती रोज संध्याकाळी त्या कापडाला दुहेरी करून हातानं टाके घालत होती. बापानं विणलेलं पहिल्यांदा नातवाच्या अंगाला लागावं, एवढीच तिची इच्छा होती.

"अगोबाई!" मयुरानं दुपटं गालाला लावलं. "हे तर बाबांच्या हातचं! ताई, असं काम आता पाहायलेसुद्धा नाही मिळत." तिचा आवाज खरोखरच भरून आला होता, आणि चारुशीलाला एकदम वाटून गेलं की आपण ही मिरची जरा जास्तच टाकली. मग मयुरा म्हणाली, "पण बाळ एका मिनिटात खराब करून टाकन हो. माझा तर जीव जाईन. मी पाहते काय करायचं याचं." आणि दुपटं घेऊन ती आत गेली.

दुपारी मयुराची बहीण पायल आली. तिच्या हातात केकचा मोठा खोका होता. बारशाला केक कशाला, असं सिंधूताईंनी विचारून घेतलं. सिंधूताई शेजारच्या. त्यांना विचारल्याशिवाय राहवत नसे. "आजकाल कापतेत काकू," पायल म्हणाली आणि खोका मधल्या खोलीच्या टेबलावर ठेवून तिनं झाकण काढलं.

पांढऱ्या केकवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, पियूष.

खोलीत चार-पाच बायका होत्या. सगळ्यांनी वाचलं. मग सगळ्यांनी चारुशीलाकडे पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवायला पुन्हा केककडे पाहिलं.

"अवं, पण नाव तर अजून ठेवायचं आहे," सिंधूताई म्हणाल्या. "याहिच्या घरी आत्या ठेवते ना?"

मयुरा बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली. तिनं केक पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! बेकरीवाल्यानं नाव टाकूनच दिलं काय? मी तर फोनवर नुसतं विचारलं होतं, असं असं लिहिता येते काय म्हणून. ताई, आता कसं हो?"

"खोडायले सांगू काय?" पायलनं विचारलं. "पण मग पूर्ण केक खराब होईन."

अभिजीत दाराशी खुर्च्या लावत होता. त्यानं ऐकलं होतं हे त्याच्या मानेवरून दिसत होतं. मान वर न करता तो म्हणाला, "ताई काही मनावर घेणारी नाही. ताई समजदार आहे."

समजदार म्हटल्यावर माणसाला करण्यासारखं काही उरत नाही. चारुशीला म्हणाली, "चांगलं आहे की नाव." म्हणताना तिनं आईकडे पाहिलं.

कुसुमावतीच्या मांडीवर शिजलेल्या घुगऱ्यांचं ताट होतं. ती त्यातले खडे निवडत होती. शिजलेल्या हरभऱ्यात खडे कुठून येणार? पण म्हातारी खाली मान घालून एकेक दाणा बाजूला करत राहिली. चारुशीलानं मनात धरलेलं नाव ऋषी होतं, आणि ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. बाळ जन्मलं त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात आईचा हात धरून तिनं ते नाव आणि ते कुठून आलं हे सांगितलं होतं. आई तेव्हाही "हाव" म्हणाली होती.

थोड्या वेळानं कोमट पाण्याचा तांब्या घेऊन चारुशीला आतल्या खोलीत गेली. मयुरा भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत होती. बाहेर पायल फोनवर फोटो काढत होती, बायकांचं हसणं चाललं होतं. तांब्या ठेवून चारुशीला वळली.

"ताई."

मयुरानं मान वळवली नव्हती.

"नावं काय हो, खूप असतात. पण एखाद्या नावाची उगीच भीती वाटते. मी रात्री उठून याच्या नाकाशी बोट धरून बसते. श्वास चालू आहे ना म्हणून. यांना हसू येते. मले नाही येत."

चारुशीला जागच्या जागी उभी राहिली. उमरेडला तिला मुलगा झाला होता. तो रडलाच नाही. त्याला नेलं तेव्हा त्याच्यासाठी ठरवलेलं ऋषी हे नाव तिच्यापाशी तसंच राहून गेलं, आणि मग नवरा दुसरीकडे राहायला गेला, घर गेलं, तरी नाव राहिलं. आपल्यापाशी जे सगळ्यात चांगलं आहे ते भावाच्या मुलाला द्यावं, एवढंच तिच्या मनात होतं. ज्या बाळानं श्वास घेतला नाही त्याचं नाव आपल्या बाळाला लागावं असं कोणत्या आईला वाटेल, हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ते आत्ता आलं, आणि तिला मयुराचं म्हणणं मनापासून पटलं. बाई गं, मग हे मला आधी सांगायचं होतंस. महिन्याभरात कधीही सांगायचं होतंस. मी ते नाव तिथल्या तिथे सोडलं असतं, आपण दोघींनी बसून दुसरं शोधलं असतं.

हे सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात उघड्या दारातून तिला टेबलावरचा केक दिसला, आणि त्याच्या शेजारी बोटं उंचावून फोटो काढणारी पायल दिसली.

"केकवरचं अक्षर मात्र सुंदर काढलं हो," ती म्हणाली. "बरेच दिवस आधी सांगून ठेवावं लागत असंल, नाही?"

मयुराच्या पाठीचा कणा ताठ झाला. "नाही हो ताई," ती पहिल्यासारख्या गोड आवाजात म्हणाली. "कालच तर फोन केला."

झालं. दोघींच्या मधलं दार उघडलं होतं ते त्यांनी मिळून लावून घेतलं. चारुशीला बाहेर आली तेव्हा राग स्वतःचा आला आहे की मयुराचा हे तिला सांगता आलं नसतं.

ऊन उतरल्यावर बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. पाळण्याच्या अलीकडे सिंधूताई आणि पलीकडे पायल अशा दोघी बसल्या. बाळाच्या आधी वरवंट्याला पाळण्याच्या वरून-खालून फिरवायचं, म्हणजे बाळ दगडासारखं टणक होतं, असं म्हणतात.

"वरोटा आणा वं," सिंधूताईंनी हाक दिली.

पायलनं कोपऱ्यातून वरवंटा आणला. त्याला झबलं घातलं होतं, डोक्यावर लाल टोपी बांधली होती, आणि तो गुंडाळला होता चारुशीलाच्या दुपट्यात. नत्थूजींचा करवतकाठ दगडाच्या गळ्याभोवती नीट घडी घालून बसवला होता. बाळ मयुराच्या मांडीवर होतं, दुकानातून आणलेल्या मऊ निळ्या ब्लँकेटमध्ये.

"ताईनं इतकं मेहनतीनं केलं," मयुरा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बाळानं खराब केलं असतं हो. म्हटलं, दुपट्याचा मान तर राहिला पाहिजे."

"हाव, खरंच आहे," कुणीतरी म्हणालं. "कापड पाहा ना काय आहे!"

दगड इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला. बायका हसत होत्या, एकमेकींना चिडवत होत्या. चारुशीला दुपट्याकडे पाहत होती, आणि तिला दिसलं की पांढऱ्या कापडावर मधोमध एक पिवळट लाल डाग वर येतो आहे. वरवंटा घाईघाईत धुतला असणार. सकाळचा मसाला त्याच्या खाचांत राहिला होता आणि ओल धरून बाहेर येत होता. तिनंच वाटलेला, तिनंच मिरची कमी न केलेला मसाला. बापाचं शेवटचं कापड त्यानं हळूहळू रंगत गेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि जिच्या लक्षात आलं ती बोलली नाही.

मग बाळाला पाळण्यात ठेवलं. "आत्या कुठं आहे? आत्याबाई, या समोर!"

चारुशीला पुढे झाली. मागे बायका सरसावून बसल्या. आत्यानं कानात कुर्र केलं की तिच्या पाठीत बुक्के घालायचे, ही सगळ्या बारशांतली सगळ्यात मोठी गंमत. सासरी-माहेरी वर्षभर तोंड दाबून बसलेल्या बायका त्या एका क्षणाला मनमोकळ्या होतात आणि कुणी त्यांना जाब विचारत नाही.

ती वाकली. बाळाच्या कानाची पाळी तिच्या नखाएवढी होती. दुधाचा वास येत होता. कानात काय सांगितलं ते कुणालाच ऐकू जात नाही. मनात आणलं असतं तर आत ऋषी म्हणून बाहेर पियूष म्हणता आलं असतं. मयुराला जन्मभर कळलं नसतं, आणि चारुशीलाला जन्मभर पुरलं असतं. या घरात सगळे जसे वागत होते त्याला धरूनच झालं असतं ते.

पण त्या मुलाच्या नाकाशी रात्री कुणीतरी बोट धरून बसतं, हे तिला आता ठाऊक होतं. तिनं ओठ कानाशी नेले. "कुर्रर्र," ती म्हणाली, आणि मग अगदी हळू, एकदाच, "पियूष."

तिच्या या वागण्याला साक्षीदार कुणी नव्हतं, आणि ते तिला कधी कुणाला सांगताही येणार नव्हतं.

"काय ठेवलं वं?"

"पियूष," ती मोठ्यानं म्हणाली, आणि पाठीवर बुक्के पडले. पायलचा नाजूक, बांगड्या वाजवणारा. सिंधूताईंचा दणदणीत आणि खेळीमेळीचा. कुणाकुणाचे चापटीसारखे. आणि मग पाठीच्या बरोबर मधोमध एक असा बसला की तिचा श्वास अडकला, डोळ्यांपुढे पाळण्याच्या माळा हलल्या. तो हात तिनं न पाहता ओळखला. जन्मभर नवऱ्याच्या बरोबरीनं मागावर बसून धागा ठोकून घट्ट बसवणारा हात होता तो. तिनं मान वळवली. कुसुमावती हात पदराखाली घेत होती.

"आईनंच कसर काढली पाहा!" सिंधूताई ओरडल्या आणि सगळ्याजणी हसल्या. मयुरासुद्धा हसली. चारुशीलाही हसली. हसावंच लागतं त्या वेळी.

घुगऱ्या वाटल्या गेल्या, केक कापला गेला. चारुशीलाच्या तोंडात पायलनं केकचा मोठा तुकडा कोंबला तेव्हाच अभिजीतनं खुर्चीवर टकटक करून सगळ्यांचं लक्ष वेधलं.

"आणखी एक खूशखबर आहे बरं काय. आमच्या ताईले पारशिवनीकडे मुलींच्या वसतिगृहात वॉर्डनची जागा मिळून राहिली. रहायले खोली, जेवण, सगळं तिथंच. मी बोलून ठेवलं आहे त्याहिच्याशी. एक तारखेपासून या म्हणाले."

चारुशीलानं तोंडातला केक गिळायचा प्रयत्न केला. महिन्यापूर्वी तो तिला म्हणाला होता, "ताई, तू बारावी पास आहे ना?" ती हो म्हणाली होती. बोलणं एवढंच झालं होतं.

"अवं चारू, अभिनंदन!" सिंधूताईंनी तिचा हात धरून हलवला. "नशीब लागते बाई!"

"ताईंशिवाय घर कसं चालन याचाच विचार येऊन राहिला मले," मयुरा म्हणाली आणि तिनं डोळ्यांच्या कडा टिपल्या. डोळे खरोखर ओले होते. तेच तर या घरातलं कठीण होतं, कुणाचंही काही पूर्ण खोटं नसायचं.

"अभि," चारुशीला म्हणाली, "मले तर तू..."

"पोरीहिले तुझ्यासारखीच पाहिजे ताई. शिस्तीची," तो घाईनं म्हणाला. तिच्याकडे न पाहता त्यानं एका म्हाताऱ्या काकांच्या हातात घुगऱ्यांचा द्रोण दिला. लहानपणी काही फोडलं की तो असाच दुसऱ्या खोलीतल्या कामाला लागायचा. एकामागून एक बाया येऊन तिचं अभिनंदन करत होत्या. कुणी म्हणालं पेंचचं जंगल तिथून जवळ आहे, कुणी म्हणालं तिकडचं पाणी गोड आहे. भरल्या बारशात, केक तोंडात असताना, अभिनंदनाला नाही म्हणायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पंगत उठली. रस्सा सगळ्यांनी वाखाणला. मयुरानं वरणभात खाल्ला आणि "ताई, वरण छान झालं हो" असं म्हणून ताट ठेवलं. दिवे लागायच्या सुमाराला पाहुणे पांगले, आणि चारुशीला मागच्या खोलीत येऊन खाटेवर बसली. तिच्या पायांखाली बुजवलेल्या खड्ड्याचा चौकोन होता. त्या खड्ड्यात पाय सोडून तिचे वडील बसायचे आणि ती त्यांच्या पाठीला टेकून गृहपाठ करायची. तिला रडू आलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं उशी तोंडाशी धरली, आणि आपण रडतानासुद्धा या घराची अब्रू सांभाळतो आहोत हे लक्षात येऊन तिला आणखीच रडू आलं.

कुसुमावती दार ढकलून आत आली. तिच्या हातात दुपटं होतं. वरवंट्यावरून काढून, घडी करून आणलेलं. डाग आतल्या बाजूला जाईल अशी घडी होती.

"हे राहून जाईन म्हटलं," ती म्हणाली आणि दुपटं खाटेच्या कडेला ठेवून लेकीच्या शेजारी बसली.

बाहेर मयुरा बाळाशी बोबडं बोलत होती. पियूष, पियूष, अशी हाक येत होती.

"चारू," म्हातारी म्हणाली. "लागलं काय वं तुले? बुक्का जोरात बसला काय?"

या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं. नाही आई, काही नाही, असं म्हणायचं होतं. आजवर दर वेळी ती तेच म्हणाली होती. उमरेडहून परत आली त्या दिवशीसुद्धा तेच म्हणाली होती. चारुशीलानं उशी बाजूला ठेवली आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"लागलं," ती म्हणाली. "खूप लागलं, आई. तू सांगितलं ना मयुराले नाव?"

कुसुमावतीनं हात लांब केला आणि लेकीच्या पाठीवर, बरोबर जिथे मारलं होतं तिथे, तळवा ठेवला. मग ती हळूहळू चोळू लागली. हात खरखरीत होता आणि फार मऊपणानं फिरत होता. आपण गेल्यावर या घरात हिला कोण विचारील, आणि आपलं शेवटचं पाणी सुनेच्याच हातून येणार आहे, हे सगळं त्या हातात होतं. चारुशीलाला ते कळत होतं. कळत असूनही ती वाट पाहत राहिली. आई एकदा तरी सरळ काही बोलेल, हो किंवा नाही, जा किंवा राहा, काहीही.

"पारशिवनीची हवा चांगली आहे म्हणते बाई," कुसुमावती म्हणाली. आणि तिचा हात पाठीवर फिरत राहिला.